शाळेचा प्रोजेक्टर लॅपटॉपवरून चालवताना

भाऊ, सगळ्यात आधी प्रोजेक्टरला कायमचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, द्या. आपल्याकडे खेड्यात लाईट कधी जाईल नेम नाही. राऊटर पुन्हा सुरू झाला की पत्ता बदलू शकतो, अन् आपण कमांडलाच शिव्या देत बसतो. माझे दोन दिवस असेच गेले.

पीजेलिंक म्हणजे नेटवर्कवरून प्रोजेक्टरला कमांड द्यायची ठरलेली भाषा. तिचा पोर्ट, म्हणजे जोडणीचा दार-क्रमांक, ४३५२. जोडणी झाली की प्रोजेक्टरच आधी बोलतो: ‘पीजेलिंक ०’ आलं तर पासवर्ड नाही, १ आला तर आहे. शिकेपर्यंत, शाळेच्या आतल्या नेटवर्कवर, पासवर्ड बंद ठेवा.

नवख्यांच्या चुका दोनच:
- कमांडच्या शेवटी कॅरेज रिटर्न (कमांड संपल्याची खूण, ‘\r’) विसरणे. मग उत्तरच येत नाही.
- बंद करून लगेच चालू करणे. आधी पॉवरची स्थिती विचारा. २ आलं म्हणजे थंड होतोय. मे महिन्यात तर थांबाच.

इनपुट, म्यूटचं मग पाहू.