साइट सर्चमध्ये एक पान कायम पहिलं आणायचं तर बूस्ट किती ठेवावा?

प्रश्न असा आहे: इलॅस्टिकसर्चवर (साइटचा शोध चालवणारं सॉफ्टवेअर) 'रजा अर्ज' शोधलं की जुनी परिपत्रकं वर येतात, अर्जाचं पान खाली जातं. बूस्ट, म्हणजे पानाला वर ढकलणारा जादा गुणांचा आकडा, १० ठेवू की ५०?

दोन्ही नको. बूस्टचे आकडे चाळवत बसणं हा या कामातला सगळ्यात फुकट जाणारा वेळ आहे, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. पानाला ५० दिले की ते 'रजा अर्ज'ला वर येईल, पण 'बदली अर्ज' शोधणाऱ्याच्या पुढ्यातही तेच येऊन बसेल. शिवाय स्कोर (ज्या गुणांवर क्रम लागतो ते) इंडेक्समधल्या, म्हणजे शोधासाठी साठवलेल्या, बाकीच्या पानांवरही ठरतो. नवी पानं चढली की आज पुरलेला आकडा उद्या कमी पडतो.

उत्तर ठरलेलं असेल तर पान सरळ पिन करा, म्हणजे वरच्या जागी टाचून ठेवा. आवृत्ती ७.४ पासून त्यासाठी 'पिन्ड' क्वेरी (शोधाची विनंती) आहे. तिच्यात पानांचे आयडी हव्या त्या क्रमाने द्यायचे आणि 'ऑरगॅनिक'मध्ये तुमची नेहमीची क्वेरी. कुठल्या शब्दांना कुठला पिन, हे तुमच्या कोडने ठरवायचं.

फिल्टर ऑरगॅनिकच्या आत ठेवलात तर पिन केलेलं पान त्याला जुमानत नाही, मागे घेतलेलं पानही वर झळकतं. म्हणून अख्खी पिन्ड क्वेरी 'बूल'च्या (अनेक अटी जोडणारी क्वेरी) 'मस्ट' या भागात टाका आणि फिल्टर तिच्या शेजारी. तारखेनुसार सॉर्ट लावलं की पिन सुटतो, कारण तो स्कोरवरच चालतो. आयडी आपोआप तयार होऊ देत असाल तर मूळ डेटा पुन्हा चढवल्यावर ते बदलतात. एरर येत नाही, पिन गुपचूप नाहीसा होतो. आयडी स्वतः द्या आणि पिनच्या यादीतला प्रत्येक आयडी इंडेक्समध्ये आहे ना, हे रोज तपासणारी स्क्रिप्ट लावा.

देवनागरीत आणखी एक घोळ आहे. 'कर्मचाऱ्यांची रजा' यातला 'ऱ्या' कुणी ऱ, हलन्त, य असा टाइप करतं, तर कुणी र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह), य असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, जुळत मात्र नाहीत. एनएफसी (युनिकोडमधली अक्षरं एकसारखी करण्याची ठरलेली पद्धत) केलं तरी ते एक होत नाहीत. शब्द ताडून पाहण्याआधी दुसरा प्रकार पहिल्यात बदलून घ्या, जादा स्पेसही काढा.

एका क्वेरीत १०० आयडी चालतात, पण दोनाच्या पुढे जाऊ नका. आणि हो, अर्जाच्या पानाचं शीर्षक नुसतं 'नमुना ३' असेल तर आधी ते 'रजा अर्ज' करून बघा. कदाचित पिनही लागणार नाही.