मराठवाड्यात राहून हाऊस म्युझिकचा डीजे आणि प्रोड्युसर होता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परभणीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहात, हाऊस (एकसारख्या ठोक्यावर चालणारं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत) ऐकता, लॅपटॉपवर थोडंफार बनवता. इथंच राहून यावर पोट भरेल का, पुण्याला जावंच लागेल का, आणि घरच्यांकडून दोन-अडीच लाख घेऊन साऊंड सिस्टीम घ्यावी का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यात पैसे अडकतात. घेऊ नका. बेस आणि टॉपचे स्पीकर, ॲम्प्लिफायर, जनरेटर, टेम्पो, वर चढवायला-उतरवायला चार पोरं, हा वाहतुकीचा आणि भाड्याचा धंदा आहे. धंदा म्हणून वाईट नाही, आमच्या लातुरात त्यावर बंगले बांधलेले लोक आहेत. पण सोयाबीनचा भाव पडला किंवा पाऊस रुसला की सगळ्यात आधी मिरवणुकीचं बजेट कापलं जातं, बँकेचा हप्ता मात्र कापला जात नाही. शिवाय 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, आणि राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. 55 डेसिबल म्हणजे साधारण दोन माणसांच्या साध्या बोलण्याइतकंच. म्हणजे टेम्पोवरची स्पीकरची भिंत चालू झाली की नियम मोडलाच, फक्त त्या दिवशी कोण तक्रार करतो एवढाच प्रश्न. सामान जप्त झालं तर ते तुमचं, वाजवणाऱ्याच्या हातातला कंट्रोलर (गाणी मिक्स करायचं छोटं यंत्र) नव्हे.

मी स्वतः लातूरचा. लग्नसराईत हळद, संगीत, रिसेप्शन वाजवतो. साऊंड भाड्याचा, वाजवणं माझं. उरलेल्या वेळात हाऊसचे ट्रॅक काढतो. पहिल्यावर घर चालतं, दुसऱ्यावर आत्ताशी त्याचा त्याचा खर्च निघतो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं कोणत्या बाजूनं बोलतोय ते कळेल.

डीजे आणि प्रोड्युसर ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींचा पैसा वेगळ्या वाटेनं येतो. वाजवलं की त्या रात्रीची सुपारी मिळते, इसार आधी, बाकी कार्यक्रमानंतर (बाकी आधीच घ्या, मांडव सुटल्यावर नवरीचा मामा सापडत नाही). ट्रॅक काढला की पैसा महिन्यांनी, थेंबाथेंबानं, आणि बऱ्याचदा येतच नाही. तरी दोन्ही लागतात, कारण हाऊसमध्ये क्लबवाले तुम्हाला ओळखतात ते तुमच्या ट्रॅकवरून. हे पहिल्यापासून असंच आहे. शिकागोच्या वेअरहाऊस क्लबमध्ये फ्रँकी नकल्स 1977 पासून वाजवायचा. या संगीताचं नाव त्याच क्लबवरून पडलं असं बहुतेक जण मानतात. तो आधी डीजे होता. जुन्या डिस्को गाण्यांचे भाग टेपवर कापून-जोडून लांबवायचा, त्यातून रीमिक्स आणि स्वतःचं संगीत आलं, आणि 1998 साली त्याला रीमिक्ससाठी ग्रॅमी मिळालं. म्हणजे वीसेक वर्षांची वाट. मार्शल जेफरसन तर शिकागोत पोस्टात नोकरी करत ट्रॅक बनवायचा. त्यामुळं बी.कॉम. पूर्ण करा, यात कमीपणा काही नाही.

आता इथल्या वाजवण्याबद्दल. मराठवाड्यात रात्रभर हाऊस ऐकणारा क्लब नाही. संभाजीनगरात एखाद्या लाउंजमध्ये शनिवार मिळू शकतो, पण तिथंही अकराच्या सुमारास कुणीतरी मोबाईल पुढं करून गाणं दाखवतोच. हळदीत बिनशब्दाचं काही लावलं तर दुसऱ्या मिनिटाला काका येतात: "ओ डीजेवाले, नुसतंच काय वाजवायलात, गाणं लावा की!" काका बरोबर आहेत. हळद त्यांची आहे. पण रिसेप्शनला एक तास असा असतो की त्यात कुणाचं तुमच्याकडं लक्ष नसतं. नवरानवरी अजून मेकअपला, पाहुणे येतायत, पाकिटं हातात, पंगतीचा वास सुटलाय. त्या तासात 118-120 बीपीएमचं (मिनिटाला तेवढे ठोके) मऊ डीप हाऊस (हाऊसचाच शांत प्रकार), आवाज गप्पांच्या खाली ठेवून, बिनधास्त वाजवा. कुणी हटकत नाही. मी माझं बहुतेक मिक्सिंग तिथंच पक्कं केलं. 120 बीपीएमला एक ठोका बरोबर अर्ध्या सेकंदाचा, 32 ठोक्यांचं एक वळण 16 सेकंदांचं. दुसरा ट्रॅक त्या वळणाच्या तोंडाशीच आत आला पाहिजे, मधे कुठंही नाही. हे मोजून करायचं बंद होऊन अंगात उतरेपर्यंत हा फुकटचा तास सोडू नका.

आपल्या पंचांगाचा फायदाही घ्या. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं नाहीत. मधे गणपती आणि नवरात्राचं काम येतं, पण आषाढ-श्रावण जवळपास मोकळा. पुण्या-मुंबईचा डीजे दर आठवड्याला वाजवतो आणि ट्रॅकला वेळ मिळत नाही म्हणून रडतो. आपल्याला दोन महिने आयते मिळतात. माझे ट्रॅक पावसाळ्यातच होतात.

गिअरचं लवकर आटपतो. कान पूर्ण झाकणारा एक चांगला हेडफोन, दोन चॅनलचा साधा कंट्रोलर (30,000 च्या आसपास), एफएल स्टुडिओ किंवा एबलटन या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरपैकी कोणतंही एक. एफएलच्या ट्रायलमध्ये सेव्ह होतं पण विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही, हे लक्षात ठेवा, नाहीतर डोक्याला हात लावून बसाल. बाकी प्लगइन, सिंथ वगैरे नंतर. रोलंडचं टीबी-303 हे यंत्र गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून निघालं होतं. खपलं नाही, 1984 मध्ये बंद पडलं, सेकंडहँड स्वस्तात मिळू लागलं, आणि 1987 मध्ये शिकागोच्या फ्युचर या पोरांच्या ग्रुपनं त्याचेच नॉब उलटसुलट फिरवून ॲसिड हाऊस काढलं.

जिथं खरं अडतं ती तुमची खोली. आपल्याकडच्या खोल्या दहा बाय दहाच्या, भिंती सिमेंटच्या, वर स्लॅब नाहीतर पत्रा. दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर. आवाज सेकंदाला 343 मीटर जातो, म्हणजे एवढ्या अंतरात 57 हर्ट्झच्या आसपासची लाट दोन भिंतींच्या मधे अडकून उभी राहते. आणि हाऊसची किक (ड्रमचा जड ठोका) नेमकी तिथंच, 50-60 हर्ट्झला बसते. परिणाम असा: खोलीच्या मध्यावर खुर्ची टाकलीत तर किक गायब, भिंतीला टेकलात तर दुप्पट. मध्यावर बसून बेस वाढवत नेला की तोच ट्रॅक बाहेरच्या साऊंडवर नुसता गुरगुरतो. दहा बाय दहाची चौरस खोली त्यातही सगळ्यात वाईट, कारण दोन्ही बाजूंना तीच लाट उभी. टेबल एका भिंतीच्या मध्यावर लावा, बसायची जागा खोलीच्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर घ्या, मागच्या दोन कोपऱ्यांत कापसाच्या जुन्या गाद्या उभ्या करा. आपल्या घरात गाद्यांना तोटा नाही. बेसचा शेवटचा निकाल मात्र हेडफोनवर आणि मित्राच्या गाडीत. अंड्याच्या ट्रे भिंतीला चिकटवू नका, त्यानं बेसला काही फरक पडत नाही, फक्त पाली राहायला येतात.

मग बनवायचं काय? बर्लिन-लंडनसारखं हुबेहूब बनवणारी लाखभर पोरं आहेत. तुमच्या गल्लीत हलगी आहे, तुळजापूर आपल्याच मराठवाड्यात आहे, संबळ आहे. पण सॅम्पल पॅकमधला "इंडियन परकशन" उचलू नका, माणसाला बोलवून रेकॉर्ड करा. हलगी वाजवण्याआधी शेकतात हे माहीत असेलच. शेकून कातडं ताणलं की आवाज चढतो आणि गार होत गेलं की उतरतो. पावसाळ्यात तर लवकरच उतरतो. त्यामुळं छोटे छोटे टेक घ्या, मधे पुन्हा शेकू द्या, नाहीतर ट्रॅकच्या सुरुवातीची आणि शेवटची हलगी दोन वेगळ्या गावची वाटते. वाजवणाऱ्याला मेट्रोनोमची टिकटिक ऐकवू नका, वैतागतो. एका कानात इअरफोन घालून त्यात नुसती किक द्या, दुसरा कान त्याच्या वाद्यासाठी मोकळा.

संबळाचं वेगळं. गोंधळातली चाल बऱ्याचदा सहाच्या अंगानं जाते, हाऊस चारात चालतं. सॉफ्टवेअरच्या सोळाच्या जाळीत (एका किकचे चार भाग) ती कोंबली की संबळाचा जीव जातो. जाळी ट्रिप्लेटवर घ्या: एका किकमध्ये तीन मात्रा, दोन किकमध्ये सहा पूर्ण. सोळाचे शेकर आणि हॅट (ड्रमची झांज) काढून टाका, दोन किकच्या बरोबर मधे पडणारी उघडी हॅट तेवढी ठेवा. संबळ प्रत्येक किकचे तीन तुकडे करतोय, हॅट दोन करतेय, त्या ओढाताणीतच अंग हलायला लागतं. आणि हो, वाजवणाऱ्याला त्याच्या नेहमीच्या सुपारीइतके तरी पैसे द्या, एका कागदावर वापराची परवानगी लिहून घ्या, ट्रॅकवर त्याचं नाव टाका. देवीच्या गाण्यातले शब्द घेणार असाल तर कुठं वाजणार आहे ते त्याला खरं सांगा. क्लबमध्ये म्हटल्यावर काही जण नको म्हणतात, तो त्यांचा हक्क आहे.

हिंदी किंवा मराठी सिनेगाण्याचा आवाज उचलून त्यावर किक घातलेला ट्रॅक लग्नात वाजवा, खुशाल. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये लग्नाच्या वरातीला आणि समारंभाला सूट आहे. पण तो स्वतःच्या नावानं रिलीज करायला ती सूट चालत नाही. रिलीज फक्त स्वतःचं.

पैशाचं गणित ऐकून निराश होऊ नका. स्पॉटिफायवर 2024 पासून, मागच्या बारा महिन्यांत 1000 स्ट्रीम नसतील तर त्या ट्रॅकचं काहीच मिळत नाही. बँडकॅम्प या संगीत विकायच्या साइटवर डिजिटल विक्रीतले 15 टक्के ते कापतात, बाकी, पेमेंटचा खर्च वजा जाता, तुमचं. माझ्या मते नवख्याला तेच बरं. डीजे लोक ट्रॅक बीटपोर्ट, ट्रॅक्ससोर्सवरून विकत घेतात, तिथं लेबलमार्फत (संगीत प्रकाशित करणारी कंपनी) गेलात तर दिसता. लेबलला मेल करताना फाईल जोडू नका, प्रायव्हेट लिंक द्या, एका वेळी एक-दोनच ट्रॅक, आणि सुरुवातीला मिक्स करायला 16 बारची (एका बारमध्ये चार ठोके) मोकळी किक ठेवा. संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्या. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी कोड (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक), वाद्य वाजवणाऱ्यांची नावं, तारीख, सगळं नीट भरा. चरणजित सिंग या मुंबईच्या वादकानं 1982 मध्येच त्याच 303 आणि 808 या ड्रम यंत्राच्या साथीनं राग वाजवून रेकॉर्ड काढली होती, शिकागोच्या आधी पाच वर्षं. खपली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि सत्तरीत त्यांना युरोपातून वाजवायला बोलावणी आली. तेव्हा माणूस कोण, कुठला, हे शोधून काढायला लागलं होतं. तुमच्यावर ती वेळ नको.

राहिलं पुणे. जाऊन राहू नका, जाऊन-येऊन करा. खोलीचं भाडं देण्यासाठी तिथं जी नोकरी कराल ती संध्याकाळ खाऊन टाकेल, आणि नव्या पोराला क्लब देतो तो वेळ म्हणजे नऊ ते दहा, खुर्च्या लावलेल्या असतात तेव्हाचा. तो घ्यायचाच असतो, पण त्यासाठी बिऱ्हाड हलवायची गरज नाही. आणि आपण सगळे पुणे-पुणे करताना हैदराबाद विसरतो. परभणीहून ते पुण्यापेक्षा लांब नाही, देवगिरी एक्सप्रेस एका बाजूला मुंबईला जाते तशी दुसऱ्या बाजूला सिकंदराबादला. आधी तासाभराचा एक रेकॉर्ड केलेला सेट तयार करा, त्यात निदान दोन ट्रॅक स्वतःचे, मग लिंक पाठवा. होकार आला तर दोन गोष्टी फोनवर नाही, मेलवर विचारा: जाण्या-येण्याचं भाडं कोण देणार, आणि डेक (क्लबमधले गाणी वाजवायचे प्लेअर) कोणते आहेत. पेनड्राइव्ह एकाऐवजी दोन न्या, दोन्ही घरीच रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमधून तयार केलेले.