सिद्धांत चित्राला चिकटवणे आणि लावणे: ‘गेर्निका’च्या निमित्ताने

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात अनुकृतिवाद (कला म्हणजे अनुकरण), आविष्कारवाद (कला म्हणजे भावनेचा आविष्कार), रूपवाद (कला म्हणजे रूपाची रचना) आणि संस्थात्मक उपपत्ती (कलाजगतातील संस्था जिला कला मानतात ती कला) असे चार सिद्धांत शिकवले गेले आणि त्यांपैकी किमान तीन एखाद्या कलाकृतीला लावून निबंध लिहायचा आहे. आपण पिकासोचे ‘गेर्निका’ हे बॉम्बहल्ला झालेल्या गावाच्या नावाचे चित्र निवडलेत, आणि पहिल्या खर्ड्यावर ‘सिद्धांत चित्राला चिकटवले आहेत, लावलेले नाहीत’ असा शेरा आला. या दोहोंत फरक कोणता, असे आपण विचारता. मी हा विषय काही वर्षे शिकवला आहे आणि असाच शेरा मीही पुष्कळ वह्यांवर लिहिला आहे, तेव्हा तो लिहिणाऱ्याच्या मनात काय असते ते सांगता येईल.

आपल्या खर्ड्याचा सारांश असा दिसतो: चित्रात युद्धाचे दर्शन आहे म्हणून अनुकृतिवाद लागू पडतो, वेदना व्यक्त झाली आहे म्हणून आविष्कारवाद लागू पडतो, रेषा आणि आकार यांची रचना आहे म्हणून रूपवाद लागू पडतो, आणि चित्र मोठ्या संग्रहालयात आहे म्हणून संस्थात्मक उपपत्तीही लागू पडते. वरवर पाहता यातले एकही विधान चुकीचे वाटत नाही. मात्र ‘गेर्निका’ हे नाव खोडून तेथे युद्धावरच्या दुसऱ्या कोणत्याही प्रसिद्ध चित्राचे नाव घातले, तरी चारही विधाने जशीच्या तशी उभी राहतात. ज्या वाक्यातून चित्र काढून घेतले तरी काही बिघडत नाही, ते वाक्य त्या चित्राविषयीचे नसतेच. चिकटवणे म्हणतात ते याला.

प्रत्येक सिद्धांत काही ठरावीक कलाकृती डोळ्यांसमोर ठेवून घडलेला असतो, हे आधी लक्षात घ्यावे. इंग्रज समीक्षक क्लाइव्ह बेलने 1914 साली ‘अर्थपूर्ण रूपा’ची, म्हणजे रेषा आणि रंग यांच्या भावना जागवणाऱ्या रचनेची, कल्पना मांडली तेव्हा त्याच्यापुढे चित्रकार सेझान होता, अमेरिकन तत्त्वज्ञ आर्थर डँटोने 1964 साली ‘कलाविश्वा’ची कल्पना मांडली ती त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पाहिलेल्या, दुकानातल्या खोक्यांसारख्याच दिसणाऱ्या वॉरहॉलच्या ब्रिलो खोक्यांमुळे. आपल्या लाडक्या कलाकृतींपाशी सिद्धांत नेहमीच खरा ठरतो. त्याला परक्या कलाकृतीसमोर उभे केले, म्हणजे तो तिच्यातला कोणता तपशील आपल्याला दाखवतो, कोणत्या तपशिलापाशी गप्प बसतो, आणि ते गप्प बसणे परवडण्यासारखे आहे की नाही, हे तपासता येते. सिद्धांत लावणे म्हणजे हे तपासणे, अशी माझी समजूत आहे.

रूपवादापासून सुरुवात करतो, कारण मराठी वाचकाला त्यासाठी परदेशी जाण्याची फारशी गरज नाही. मर्ढेकरांच्या लयसिद्धांतात संवाद, विरोध आणि समतोल ही तीन तत्त्वे आहेत, आणि ‘गेर्निका’समोर ती खरोखर काम करतात. चित्राच्या मध्यभागी एक मोठा त्रिकोण आहे. त्याच्या शिखरापाशी खिडकीतून आत आलेल्या स्त्रीच्या हातातील दिवा आहे आणि पायथ्याशी मोडकी तलवार धरलेला, पडलेला योद्धा. डावीकडे मेलेले मूल घेतलेली आई, मधला घोडा आणि उजवीकडची जळणारी स्त्री या तिघांचीही तोंडे उघडी आणि डोकी वर फेकलेली आहेत. हा संवाद आहे. हातातला दिवा आणि त्याच्या शेजारचा, डोळ्याच्या आकारात काढलेला विजेचा दिवा यांच्यात विरोध आहे. उजव्या कडेला आकाशाकडे उगारलेले हात आणि डाव्या कडेला जवळजवळ निश्चल उभा असलेला बैल यांच्यामुळे सुमारे पावणेआठ मीटर लांबीचे हे चित्र एका बाजूला कलंडत नाही; हा समतोल. एवढे लिहिलेत तरी आपल्या पहिल्या खर्ड्यापेक्षा मजकूर पुष्कळ पुढे जाईल, कारण ही वाक्ये दुसऱ्या चित्राला लागू पडणार नाहीत.

पण येथे थांबू नये. आईची आणि घोड्याची जीभ सुऱ्याच्या पात्यासारखी टोकदार काढली आहे. रूपवाद्याच्या दृष्टीने तो एक निमुळता त्रिकोण आहे आणि चित्रातील इतर टोकदार आकारांशी त्याचा मेळ बसतो. मात्र तो त्रिकोण जीभ आहे, आणि जीभ अशी नसते, हे ठाऊक असल्याशिवाय त्या आकाराचा धक्का बसत नाही. बेलचे म्हणणे असे होते की कलाकृतीच्या आस्वादासाठी जगण्यातले काहीही बरोबर आणावे लागत नाही. येथे निदान जिभेची ओळख तरी आणावी लागते. म्हणजे ज्या तपशिलाकडे रूपवादाने आपले लक्ष वेधले, त्याच तपशिलापाशी तो अपुरा पडला, आणि निबंधात नेमकी ही जागा यायला हवी.

याच मुद्द्यावर आणखी एक घटना उपयोगी पडेल. या चित्रावरून विणलेली एक मोठी टेपेस्ट्री न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर लावलेली होती. फेब्रुवारी 2003 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी परिषदेत इराकविरोधी बाजू मांडली, त्या सुमारास ती निळ्या पडद्याने झाकण्यात आली. कॅमेऱ्यांसाठी पार्श्वभूमी साधी हवी, असे कारण देण्यात आले. ते कारण खरे मानायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीने मला त्यातला दुसराच भाग मोलाचा वाटतो. मूळ चित्र काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगांचे आहे, तर टेपेस्ट्रीत तपकिरी छटा आहेत. काटेकोर रूपवाद्याने या दोन वेगळ्या वस्तू मानायला हव्यात, कारण रंगसंबंध बदलले की रूप बदलते. तरीही तिच्यासमोर युद्धाची भाषा बोलणे अवघड वाटावे, इतकी मूळ चित्राची शक्ती त्या विणलेल्या प्रतीत उतरली होती. निव्वळ संवाद-विरोध-समतोलाला कोणी पडदा घालत नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त कलाविषयक विचारात लौकिकतावादी (कला जगण्याशी जोडलेली) आणि अलौकिकतावादी (कला जगण्यापासून स्वतंत्र) अशी दोन टोके दाखवली आहेत आणि आपला कलाव्यवहार त्या दोहोंच्या ताणात चालतो असे सुचवले आहे, तो ताण इतका उघडा पडलेली उदाहरणे थोडी असतील.

अनुकृतिवादासंबंधी आपल्या खर्ड्यात एक ढोबळ चूक आहे, ती आधी काढावी. ‘युद्धाचे अनुकरण’ असे आपण लिहिले आहे, पण या चित्रात विमान नाही, बॉम्ब नाही, शत्रूचा सैनिक नाही आणि गेर्निका गाव ओळखू येईल अशी एकही इमारत नाही. स्पेनमधील यादवी युद्धात 26 एप्रिल 1937 रोजी हिटलरच्या काँडोर लीजन या हवाई पथकाने आणि इटालियन विमानांनी त्या बास्क गावावर बॉम्ब टाकले, ही माहिती शीर्षकामुळे आपल्याला असते. रंगवलेल्या पृष्ठभागावर ती कोठेही नाही. हुबेहूब नक्कल या अर्थाने अनुकृतिवाद येथे पहिल्याच पावलाला अडखळतो. ॲरिस्टॉटलच्या अर्थाने, म्हणजे घडलेल्या गोष्टीऐवजी घडू शकेल अशा गोष्टीचे चित्रण या अर्थाने घेतला, तर मात्र तो टिकतो. प्रेतांसारख्या ज्या गोष्टी प्रत्यक्षात पाहवत नाहीत, त्यांची चित्रे आपण आवडीने पाहतो, हे निरीक्षण त्याच्याच ‘काव्यशास्त्रा’त आहेच.

आणि येथे एक वाट आपल्या भारतीय परंपरेतूनही जाते, जी आपल्या अभ्यासक्रमाने बहुधा वगळली असावी. रससिद्धांत ‘गेर्निका’ला लावताना बहुतेक विद्यार्थी करुण, भयानक, बीभत्स अशी यादी करून मोकळे होतात, तेही चिकटवणेच झाले. त्यापेक्षा आलंबन विभावाचा, म्हणजे भावना ज्याच्याविषयी वाटते त्या विषयाचा, विचार करावा. शोकाला येथे आलंबन आहे: मेलेले मूल. भयाच्या खुणाही सर्वत्र आहेत. क्रोधाला मात्र आलंबन नाही, कारण ज्याच्यावर रागवावे असा कोणीही चित्रात नाही. रौद्ररसाची वाट चित्रकाराने बंद करून टाकली आहे. त्याच युद्धातील प्रचाराच्या भित्तिपत्रकांशी तुलना केली, की याचे महत्त्व कळते. तशा पत्रकाला शत्रू दाखवल्यावाचून सहसा चालत नाही. रसमीमांसक अभिनवगुप्ताचे साधारणीकरण नाट्याच्या संदर्भात मांडले गेले होते आणि ते एका स्थिर चित्राला लावताना जपून राहिले पाहिजे, हे मान्य. तरी व्यक्ती, स्थळ आणि काळ यांची बंधने गळून पडणे म्हणजे काय, हे शिकवायला मला यापेक्षा चांगले उदाहरण मिळालेले नाही. उलट बाजूने हेही विचारावे की शीर्षकाने एका गावाचे नाव परत आणून हे साधारणीकरण मोडले का. माझ्या मते मोडले, आणि हेतुपुरस्सर मोडले. आपले मत वेगळे असू शकेल.

आता आविष्कारवाद. ‘पिकासोला दुःख झाले आणि त्याने ते चित्रातून व्यक्त केले’ हे वाक्य इंग्रज तत्त्वज्ञ कॉलिंगवुडच्या नावावर मुळीच घालू नये. टॉलस्टॉयचा संसर्गाचा सिद्धांत आणि कॉलिंगवुडचा 1938 सालचा सिद्धांत यांत मोठे अंतर आहे. टॉलस्टॉयच्या मते कलावंत आपण अनुभवलेली भावना दुसऱ्यापर्यंत पोहोचवतो. कॉलिंगवुडच्या मते ती भावना नेमकी कोणती हे कलावंतालाच आधी ठाऊक नसते, निर्मितीच्या ओघात ते त्याला उमगते. आधी ठरलेला परिणाम साधण्यासाठी केलेले काम तो कारागिरीत आणि आधी ठरलेली भावना व्यवहाराच्या उपयोगासाठी चेतवणारे काम ‘जादू’त जमा करतो, आणि प्रचारालाही तो खऱ्या कलेबाहेरच्या अशाच एका वेगळ्या खात्यात टाकतो.

त्यामुळे खरा प्रश्न असा होतो: हे चित्र प्रचार आहे की आविष्कार? ते मागणीवरून झालेले आहे. पॅरिसच्या 1937 च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातील स्पॅनिश दालनासाठी प्रजासत्ताक सरकारने जानेवारीतच पिकासोला भित्तिचित्र मागितले होते, म्हणजे बॉम्बहल्ल्याच्या कितीतरी आधी; आणि तो चित्रकार व त्याची मॉडेल असा स्टुडिओतला विषय घोळवत बसला होता. हल्ल्याच्या बातम्या आल्यावर 1 मे रोजी त्याने नवी रेखाटने सुरू केली आणि जूनच्या सुरुवातीला चित्र पुरे झाले. सुदैवाने छायाचित्रकार डोरा मार यांनी या काळात कॅनव्हासची छायाचित्रे टप्प्याटप्प्याने काढून ठेवली आहेत. आरंभीच्या टप्प्यात पडलेल्या योद्ध्याचा हात उभा वर गेलेला आहे आणि मूठ आवळलेली आहे, म्हणजे फॅसिझमविरोधी आघाडीचा तो उघड सलाम. पुढे तो हात नाहीसा होतो. अंतिम चित्रात योद्ध्याची उरलेली मूठ जमिनीलगत आहे, तिच्यात तुटकी तलवार आहे आणि शेजारी एक लहानसे फूल. मध्येच रंगीत कागदाचे तुकडे चिकटवून पाहिले गेले आणि काढलेही गेले.

घोषणा देणारा हात पुसला जाणे हा कॉलिंगवुडच्या बाजूचा मला ठाऊक असलेला सर्वांत बळकट दृश्य पुरावा आहे. काय वाटायला लावायचे हे आधी पक्के असते, तर मूठ काढण्याचे कारण नव्हते. पण हा सिद्धांतही पुढे अडतो. कॉलिंगवुडच्या मते खरी कलाकृती कलावंताच्या आणि रसिकाच्या कल्पनेत असते. रंगवलेला कॅनव्हास हे तिथे पोहोचण्याचे साधन. असे असेल तर साडेतीन मीटर उंचीला काही विशेष अर्थ उरत नाही. या चित्राचे पुस्तकातले छापील रूप पाहताना आपण ते वरून पाहतो. माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयामध्ये त्याच्यासमोर उभे राहिल्यावर पडलेला योद्धा आपल्या पायाशी येतो आणि जळणारी स्त्री डोक्याच्या वर जाते. हा फरक केवळ साधनाचा आहे असे म्हणणे मला जमत नाही.

एक सावधगिरी. बैल म्हणजे फॅसिझम की स्पेन, या चर्चेत निबंध अडकू देऊ नये. पिकासोने एकदा बैलाला क्रूरतेचे आणि अंधाराचे प्रतीक म्हटले, तर दुसऱ्या प्रसंगी बैल हा बैल आहे आणि घोडा हा घोडा आहे, असे सांगून विषय संपवला. प्रतीकाचा अर्थ लावणे हे वेगळे काम आहे; ते केले म्हणजे सिद्धांत लावला असे होत नाही.

संस्थात्मक उपपत्ती या निबंधातून सरळ वगळावी, कारण आपल्याला तीन सिद्धांत पुरेसे आहेत. ‘गेर्निका’ कला आहे की नाही असा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारलेला नाही, आणि तत्त्वज्ञ जॉर्ज डिकीची ही उपपत्ती त्याच प्रश्नाचे उत्तर आहे. तिला 1917 साली कलावंत द्युशाँने कलाकृती म्हणून पाठवलेले मुतारीचे भांडे द्यावे: सहा डॉलर भरणाऱ्या कोणाचीही कृती स्वीकारू म्हणणाऱ्या न्यूयॉर्कच्या संस्थेने ते प्रदर्शनात मांडू दिले नाही, आणि आज तेच प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. तिथे ती उपपत्ती घाम गाळते. येथे तिला करण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या खर्ड्याची सुरुवात ‘कला म्हणजे काय’ या प्रश्नाने करू नये. डोरा मार यांची छायाचित्रे क्रमाने समोर मांडावीत, मूठ असलेला टप्पा आणि नसलेला टप्पा यांचे वर्णन पहिल्या परिच्छेदात करावे, आणि मग एकेका सिद्धांताला विचारावे की ती मूठ गेली याने त्याच्या लेखी काय बदलले. रूपवादी म्हणेल की मधला उभा कणा गेला आणि त्रिकोणाला जागा झाली. कॉलिंगवुड काय म्हणेल ते वर आलेच. अनुकृतिवाद्याचे उत्तर मी मुद्दाम देत नाही, ते आपण शोधून येथेच लिहावे.