कापसाचे पैसे आत्ताच सॉफ्टवेअरमध्ये घालू नका

प्रश्न : मुलगी इंग्रजी घेऊन एम.ए. झाली. घरी बसून भाषांतराची कामं करणार म्हणते. त्यासाठी ट्रेडॉस नावाचं महागडं सॉफ्टवेअर हवं आहे. कापूस नुकताच विकला आहे. पैसे देऊ का? – एक शेतकरी, चोपडा तालुका

नमस्कार भाऊ. मुलगी मागते आहे ती चैन नाही. या धंद्यात ट्रान्सलेशन मेमरी, म्हणजे केलेली भाषांतरं साठवून ठेवणारी सोय, लागतेच, आणि ट्रेडॉस तीच देतं. ठिबकची माहितीपुस्तिका घ्या. ‘फिल्टर धुण्याआधी मोटर बंद करा’ हे वाक्य तिच्यात कितीदा तरी येतं. एकदा मराठी केलं की सॉफ्टवेअर ती जोडी साठवतं आणि तसंच वाक्य पुन्हा आलं की समोर ठेवतं. थोडं वेगळं असेल तर किती टक्के जुळतं तेही दाखवतं.

पण आत्ताच विकत घेऊ नका. ओमेगाटी हे याच कामाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कायदेशीर आहे, साध्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवायही चालतं. त्यातली मेमरी टीएमएक्स फाइलमध्ये राहते. ती फाइल ट्रेडॉस, मेमोक्यू, वर्डफास्ट ही इतर सॉफ्टवेअरंही वाचतात, त्यामुळे पुढे सॉफ्टवेअर बदललं तरी तिची मेहनत वाया जाणार नाही. शिवाय अनेक कंपन्या काम देताना आपल्याच ऑनलाइन प्रणालीत प्रवेश देतात. ते आधी विचारावं. आणि काम देण्याआधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

तिने जीव ओतायचा तो तपासणीत. वाक्य 95 टक्के जुळलं म्हणून तसंच ठेवलं, आणि बदललेला एकच आकडा ठिबकमधून सोडायच्या आम्लाचा निघाला, तर केळीच्या बागेचं काय होईल हे तुम्हाला सांगायला नको. शंभर टक्के जुळलं तरी डोळे मिटून घेऊ नये. ‘सुरू झाली’ की ‘सुरू झाला’, हा भेद इंग्रजी क्रियापदात नसतो. इंग्रजीत दोन्हीकडे नुसतं ‘इट’ असतं; मागच्या पानावर ते मोटरसाठी होतं आणि या पानावर पंपासाठी असेल, तर जुनं मराठी वाक्य इथे चुकतं. शेतात वाढलेल्या मुलीला हे चटकन दिसेल, आणि हेच तिचं खरं भांडवल आहे.

जुळणाऱ्या वाक्यांना बऱ्याच कंपन्या कमी दर देतात. किती टक्क्यांना किती दर, ते काम घेण्याआधी लेखी ठरवावं. मेमरी कोणाच्या मालकीची राहणार, तेही त्यातच यावं.

या आठवड्यात तिने ठिबकच्या दुकानातून एखादी इंग्रजी पुस्तिका आणावी आणि दहा पानं ओमेगाटीत करावीत. ती मला पाठवा, मी स्वतः वाचून कळवेन.