राडा: चिखलातला की भांडणातला?

प्रश्न असा आला आहे: "मुंबईत कुठलीही सरसकट मारामारी झाली की 'राडा' म्हणतात. हा शब्द आला कुठून? राडारोड्याशी त्याचं काही नातं आहे का?"

आहे, असं माझं मत. पण आधी दुसरा दावेदार पाहू. संस्कृतात 'राटि' म्हणजे लढाई. प्राकृतात त्याचं 'राडि' झालं आणि उत्तरेकडे भांडणाला अजून 'राड़' किंवा 'रार' म्हणतात. गुजरातीत 'राड' म्हणजे आरडाओरडा, आणि मुंबईला गुजराती काही परकी नाही. चटकन पटावी अशी व्युत्पत्ती. मला मात्र ती पुरत नाही.

कारण भांडण नसतानाही आपण हा शब्द वापरतो. पावसात मैदानाचा राडा होतो. लोकलच्या गर्दीत डब्यातली आमटी सांडली की पिशवीत राडा. 'राड' म्हणजे चिखल, आणि 'येथे राडारोडा टाकू नये' ही पाटी तर सगळ्यांच्या ओळखीची. सगळीकडे भाव एकच: नीट असलेलं एकमेकांत कालवलं जाणं.

दुसरा पुरावा शब्दांच्या घडणीचा. मारामारी, गुद्दागुद्दी, ढकलाढकली हे सगळे स्त्रीलिंगी, आणि सगळ्यांत परतफेड आहे. संस्कृतातही अशी परतफेड आहे: मुष्टामुष्टि, दंडादंडि, आणि एकमेकांच्या झिंज्या धरून होते ती केशाकेशि. पाणिनीने या परतफेडीसाठी 'इच् कर्मव्यतिहारे' असं सूत्रच दिलं आहे. (झिंज्या उपटण्याचीही व्याकरणाने सोय केली, हे मला फार आवडतं.) 'राडा' या साच्यात बसतच नाही. तू मला मारलंस, मी तुला, असा हिशेब त्यात नाही. मागे उरलेला गोंधळ आहे.

आमच्या लालबागच्या चाळीत नळावर दोघींची बाचाबाची व्हायची, फार तर झोंबाझोंबी. सोडवायला गेलेल्यांनाही पडू लागल्या, की मग वरच्या मजल्यावरून आरोळी यायची, "राडा झाला रे!"

जाता जाता, वर्तमानपत्रं 'राड्या'ऐवजी भारदस्त शब्द म्हणून 'यादवी' आणि 'सुंदोपसुंदी' वाटेल तिथे वापरतात. यादवीला एकाच घरातली माणसं लागतात. प्रभासक्षेत्री यादवांनी एकमेकांनाच संपवलं, त्यावरून तो शब्द. सुंदोपसुंदी तर दोघांचीच, तिलोत्तमेपायी लढून मेलेल्या सुंद-उपसुंद या भावांची. चार गटांची सुंदोपसुंदी होत नाही.

राहिला 'राडेबाज'. त्यातला 'बाज' फारसी, आणि तो फक्त भांडणाच्या अर्थालाच चिकटला. पिशवीत आमटी सांडणाऱ्याला कोणी राडेबाज म्हणत नाही.