दुसरं बाळ येतंय, मोठा फ्लॅट आत्ताच घ्यायचा का?

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आर्थिक सल्ल्यासाठी येणाऱ्या जोडप्यांचा निर्णय बहुतेक वेळा आधीच झालेला असतो. बुकिंगची तारीख ठरलेली असते, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. संदीप आणि अनघा (नावं आणि काही तपशील बदलले आहेत) तसेच आले होते. धायरीत १३ हजार भाड्याचा वन बीएचके, पहिलीत जाणारी मुलगी, अनघाला चौथा महिना. संदीप चाकणला कारखान्यात, पगार हातात ६२ हजार. अनघा बाणेरला खासगी नोकरीत, तिचा ४१ हजार.

पुनावळ्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ६५ लाखांचा टू बीएचके त्यांना पसंत पडला होता. बचत १३ लाख, बँक ५२ लाख द्यायला तयार. ८.५ टक्के व्याज, २० वर्षं, हप्ता ४५ हजार. संदीपने सगळं मोबाइलवर मांडून आणलं होतं. "मॅडम, दोघांच्या पगाराच्या निम्म्याहून कमी आहे. बसतंय ना?"

मी म्हटलं, आधी वरचा खर्च मांडू. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ५५ हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असल्यामुळे ५ टक्के जीएसटी, म्हणजे सव्वातीन लाख. एकूण ८ लाख १० हजार. बँक ८० टक्के कर्ज देते ते फ्लॅटच्या किमतीवर. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्यात धरत नाही. १३ लाख तर किमतीतच जाणार होते. मग हे आठ लाख?

"सोनं गहाण ठेवू," संदीप म्हणाला. अनघा त्याच्याकडे बघत राहिली. तिला हे तिथेच पहिल्यांदा कळत होतं.

माझा पुढचा प्रश्न अनघाला होता. पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवडे पगारी रजा आहे, ती तिला मिळणार होती. त्यानंतर काय? ती जरा थांबली. मग म्हणाली, "मला वर्षभर घरी राहायचंय. मुलीच्या वेळी नोकरी जाईल या भीतीने रजा अर्धी टाकून परत गेले होते. या वेळी नाही." संदीपने गृहीत धरलं होतं, की त्याच्या आई बार्शीहून येऊन राहतील. पण आईंना कोणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांची शेती, त्यांचे गुडघे, सगळं तिकडेच होतं.

मग तिघांनी मिळून एकच महिना कागदावर लिहिला. अनघाचा पगार बंद आहे, ताबा लांबलाय, पण बँकेने पैसे बिल्डरला देऊन झालेत आणि पूर्ण हप्ता सुरू झालाय. ६२ हजारांतून हप्ता ४५, भाडं १३. उरले ४ हजार. बार्शीला आईंना दर महिन्याला ६ हजार जातात. किराणा, शाळेची व्हॅन, बाळाची लस यांच्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही. संदीपने पेन खाली ठेवलं.

घर घेऊ नका असं मी म्हटलं नाही, आणि सहसा म्हणतही नाही. भाड्याच्या घरात दर ११ महिन्यांनी करार, सामान, शाळा यांची धास्ती असते. त्यातून सुटावंसं वाटणं अगदी रास्त आहे. पण दोन पगारांवर बेतलेला हप्ता नेमका एक पगार थांबण्याच्या तोंडावर सुरू करणं मला पटत नाही. म्हणून सुचवलं, की हप्ता आणि भाडं यांतला फरक, म्हणजे ३२ हजार, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी वेगळ्या आरडीत, म्हणजे दर महिन्याला भरायच्या बँक ठेवीत, टाका. बाळंतपणापर्यंत हे जमतंय का बघा. बुकिंग थांबवा.

बाकीची कामं लहान होती, पण तातडीची. संदीपच्या दोन जुन्या एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेल्या, पॉलिसी होत्या. वर्षाला ४८ हजार हप्ता भरून दोन्हींचा मिळून विमा फक्त ८ लाखांचा, म्हणजे त्याच्या तेरा महिन्यांच्या पगाराएवढासुद्धा नाही. एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा, आधी घ्यायचा, तो हातात आल्यावरच जुन्या पॉलिसींचं काय करायचं ते बघायचं. टर्म विमा १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतला, की रक्कम बायको-मुलांचीच राहते, कर्ज दिलेल्यांना तिला हात लावता येत नाही. संदीपला मुलीचं सुकन्या खातंही बंद करायचं होतं. त्याची गरजच नाही. वर्षाला २५० रुपये भरले तरी खातं चालू राहतं. आणि बाळाचं नाव जन्मानंतर लगेच कंपनीच्या आरोग्य विम्यात घालायला सांगितलं. त्याला मुदत असते आणि धावपळीत हे हमखास राहून जातं.

तीन महिने ३२ हजार नीट पडले. चौथ्यात दिवाळी आणि बार्शीची फेरी आली, १९ हजारच जमले. अनघा फोनवर ओशाळून सांगत होती. मला मात्र हाच आकडा उपयोगाचा वाटला, कारण हप्ता चालू असता तर बँकेने त्या महिन्यात १९ हजार घेतले नसते. दोघांनी आपणहून ठरवलं, की हप्ता ३० हजारांच्या वर न्यायचा नाही. आईंनाही त्याच फेरीत विचारलं. त्या म्हणाल्या, दोन महिने येईन, कायमची नाही.

मुलगा झाला. धायरीतच, मुलीच्या शाळेजवळ, ते भाड्याच्या टू बीएचकेमध्ये गेले. भाडं पाच हजारांनी वाढलं. अनघाने पगारी रजेनंतर पाच महिने बिनपगारी काढले. संदीपच्या पगारात कसंबसं भागलं, पण उधारी झाली नाही. ती आता परत कामावर रुजू झाली आहे.

सध्या त्यांनी नऱ्ह्यात ४८ लाखांचा जुना फ्लॅट बघितलाय. राहायला तयार, म्हणून जीएसटी नाही. ३४ लाखांचं कर्ज, हप्ता साडेएकोणतीस हजार. घर एकट्या अनघाच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी, ४८ हजार वाचतात. मात्र मालकीत संदीपचं नाव नसेल तर त्याला कर्जावरची करसवलत घेता येत नाही. तो नव्या करपद्धतीत आहे, तिथे राहत्या घराच्या कर्जावर ही सवलत तशीही मिळत नाही, त्यामुळे त्याचं फारसं अडत नाही. पुढच्या शनिवारी येताना भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) आणि सोसायटीचं ना हरकत पत्र आणायला सांगितलंय. ते बघितल्याशिवाय इसाऱ्याचे पैसे द्यायचे नाहीत, एवढं दोघांकडून कबूल करून घेतलंय.