रातांबे घेताना दर कशाचा ठरवावा?

प्रश्न : कुडाळजवळ आम्ही आगळ (कोकमाचा खारा रस) आणि अमृत कोकम (सरबताचा गोड पाक) करतो. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आसपासच्या गावांतून गोणीतून येतात. वर कच्चे, तळाला चेचलेले. निवडून घेतले तर देणारा नाराज, न निवडावे तर सरबताला रंग नाही.

उत्तर : निवडीचा हा वाद मुळात दराचा आहे. सगळ्या मालाला एकच दर असला की झाड एकदाच हलवून पडेल ते भरणंच देणाऱ्याला परवडतं. रातांबे एका झाडावर एकदम पिकत नाहीत, पिकतील तसे काढावे लागतात. त्या जादा फेऱ्यांची मजुरी दरात धरा. मार्चमध्येच दोन दर बोलून ठेवा : लालजांभळा, न फुटलेला एक नंबर, पिकलेला पण फुटलेला दोन नंबर. हिरवट फळ परत जाईल, हेही तेव्हाच सांगा.

गोणी बंदच करा. क्रेट तुम्हीच पुरवा आणि ते काठोकाठ भरू देऊ नका. मे महिन्याच्या उकाड्यात तळाच्या फळांचा रस सुटतो आणि वरचा मालही आंबू लागतो.

गाव लांब असेल तर फोडलेली साल घ्या. साल फळाच्या साधारण निम्म्या वजनाची. समजा रातांबे 30 रुपये किलो, तर सालीचे 60 रुपये नुसते फळाचे झाले; फोडणावळ वेगळी. बिया कोणाच्या हेही आधी ठरवा, कारण कोकमतेलासाठी त्यांना गिऱ्हाईक असतं.

आगळाच्या सालीला गावातच मीठ लावून घ्या, 10 किलोला 2 किलो. मिठात काटकसर झाली की फेस येतो. अमृत कोकमाची साल मात्र बिनमिठाची, त्याच दिवशी पोचलेली हवी. आल्याबरोबर दुप्पट साखरेत घाला. पिंप खाद्यपदार्थांसाठीचं प्लास्टिकचंच द्या. रस इतका आंबट की लोखंड खातो आणि रंग काळवंडतो.

प्रश्न : पाऊस लवकर लागला तर?

उत्तर : भिजलेल्या फळाला लगेच बुरशी येते. तो माल अमृत कोकमाला घेऊच नका. नेहमीच्या बागायतदाराला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ची कलमं लावायला सांगा. ही जात मिरगाआधी तयार होते. बियांची रोपं नकोत, त्यांतली जवळपास निम्मी नर, म्हणजे फळ न धरणारी, निघतात.